चष्मा आहे, पण आडोसा नाही

गेल्या महिन्यातल्या पालकसभेला सातवीतल्या एका मुलीचे अब्बा उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून आले. वीस वर्षांपासून ते फॅब्रिकेशनच्या गाळ्यात गेट, ग्रिल, जिने बनवतात. ग्राइंडर चालू असताना लोखंडाचा कण डोळ्यात रुतला. आम्ही विचारपूस केली, तेव्हा म्हणाले, "सर, चष्मा तर होता ना डोळ्यांवर!"

होता, पण तो नंबरचा. कामाचा गॉगल भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला होता. इतकी वर्षे ते तो न चुकता घालत. दोन वर्षांपूर्वी चाळशी लागली. गॉगल घातला तर आतला चष्मा नाकात रुते, दोन मिनिटांत वाफ धरे. चष्मा काढून नुसता गॉगल घातला तर पाइपावरची खूण दिसेना. दोहोंतला एकच निवडायचा, तर त्यांनी दिसणारा निवडला.

आम्ही त्यांना बोल लावू शकलो नाही. चाळशी आम्हालाही लागली आहे. पण आमच्या हातात खडू असतो, त्यांच्या हातात ग्राइंडर. ज्या वयात कारागिराचा हात पक्का होतो, त्याच वयात त्याचा जुना गॉगल डोळ्यांवर बसेनासा होतो. आपल्या किती घरांत असे अब्बा, असे भाईजान असतील!

नंबरचा चष्मा दिसण्यासाठी असतो, डोळा वाचवण्यासाठी नव्हे. त्याच्या बाजू उघड्या असतात आणि गालाजवळ फट असते. कण तिथूनच आत शिरतो. जोराचा तुकडा समोरून आला तर साधी काच फुटून तिचेच तुकडे डोळ्यात जाऊ शकतात.

यावर उपाय आहे. चष्म्यावरून घालायचा मोठा गॉगल सुरक्षा साहित्याच्या दुकानात मिळतो आणि तो फार महागही नसतो. घ्यायला जाताना आपला चष्मा लावून जावे. गॉगल चढवून मान खाली घालावी, डावीउजवीकडे हलवावी. आतला चष्मा दबता कामा नये, सरकता कामा नये, बाजूला फट राहता कामा नये. काच पॉलिकार्बोनेटची असावी आणि त्यावर आयएस 5983 किंवा ईएन 166 असा मानक क्रमांक आहे का, ते पाहावे. वाफ धरत असेल तर हवेची आडवी छिद्रे असलेला, वाफ न धरणारा गॉगल मागावा. धूळ कोरड्या फडक्याने पुसू नये, ओरखडे पडतात. आधी पाण्याने धुवावी. रोजचेच काम असेल तर नंबर घालून बनवलेला, बाजूला आडोसा असलेला सुरक्षा चष्माही करून मिळतो. ग्राइंडिंगला तोंडावर पारदर्शक शिल्ड घेतली, तरी आत गॉगल हवाच. आणि वेल्डिंगच्या प्रकाशाला हा पांढरा गॉगल चालत नाही. तिथे गडद काचेचा मुखवटाच लागतो, शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसालाही.

तरीही काही गेलेच, तर डोळा चोळू नये. मित्राकडून रुमालाच्या टोकाने किंवा काडीने काढून घेऊ नये. साधी धूळ असेल तर स्वच्छ पाण्याने धुवावी. कण रुतला असेल तर हात न लावता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. चुना किंवा ॲसिड उडाले तर आधी तिथेच निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे, मग दवाखाना गाठावा. सुरमा, गुलाबपाणी, मध, दूध असे काहीही जखमी डोळ्यात घालू नये.

1948 च्या कारखाने अधिनियमातले कलम 35 डोळ्यांच्या संरक्षणासाठीच घातले गेले. पण आपली बरीच माणसे चार-पाच जणांच्या गाळ्यांत काम करतात, तिथे तपासायला कोणी येत नाही. म्हणून गाळ्याच्या मालकाने गॉगल देताना चष्मेवाल्याला चष्म्यावर बसणारा द्यावा. तो मालक पुष्कळदा आपलाच भाऊबंद असतो.

दिवसा रोजे आणि रात्रभर इबादत करणाऱ्या हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी समजावले होते की, शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, डोळ्यांचाही हक्क आहे. इबादतीच्या वेळीही जो हक्क सुटत नाही, तो रोजीरोटीच्या वेळी कसा सुटेल? डोळे ही अल्लाहची अमानत आहे.

त्या पालकांची नजर वाचली, अल्हमदुलिल्लाह. बुबुळावर मात्र बारीक डाग राहील, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. परवा त्यांची मुलगी वर्गात म्हणाली, "सर, अब्बांचा नवा गॉगल आला. चष्म्यावर बसतो. मी घालून पाहायला लावला."

आपल्या घरातूनही कोणी सकाळी डबा घेऊन अशा कामाला निघत असेल. त्यांचा गॉगल चष्म्यावर बसतो का, हे आज संध्याकाळीच विचारा.