एकच जाकीट सगळ्यांना

हल्ली कुठल्याही साइटवर जा, सगळ्यांच्या अंगात तेच नारिंगी चमकतं जाकीट. झाली म्हणे सुरक्षितता! अहो, ते गाडीवाल्याला माणूस दिसावा म्हणून असतं. वेल्डरच्या अंगावर तेच पॉलिएस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. त्याला जाड सुती कपडे, चामड्याचा एप्रन आणि काळ्या काचेची शील्ड हवी. लेथवाल्याला मात्र हातमोजे नकोतच. फिरत्या जॉबमध्ये मोजा अडकला की हातही आत जातो. आणि गटारात उतरणाऱ्याला कापडी मास्क? त्याने विषारी वायू अडत नाही. तिथे माणूस उतरवूच नये, यंत्र वापरावं.

म्हणजे आधी धोका ओळखायचा, मग कपडा निवडायचा. आपल्याकडे आधी टेंडर निघतं!

आणि दोष कोणाला? कामगाराला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक माणसं दगावली, तेव्हाही 'किट घातलं नाही' हेच ऐकू आलं. नाकावरचा रुमाल औषधाने भिजला की तेच विष तोंडाशी धरून ठेवतो, हे खरं. पण विदर्भाच्या उकाड्यात, उंच वाढलेल्या कपाशीत प्लास्टिकचा झगा घालून दिवसभर कोण टिकेल? किट ठरवणाऱ्यांनी एकदा स्वतः फवारून बघावं की!

असो. तुमच्यापैकी ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात, त्यांनी खरेदीआधी एवढंच विचारा: "तुला इजा कशाने होते?" उत्तर त्याला पाठ असतं.