काय काय पाहिलंत?

आमच्या घरात कॅरिबियन बेटं शिरली ती क्रिकेटच्या वाटेनं. सासऱ्यांना १९७१चा दौरा तोंडपाठ. वाडेकरचा संघ, पोर्ट ऑफ स्पेनचा विजय, सरदेसाईच्या मालिकेतल्या ६४२ धावा आणि पदार्पणातच गावसकरनं चार कसोटींत काढलेल्या ७७४. त्रिनिदाद, जमैका, बार्बाडोस ही नावं डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत पेण-पनवेलसारखी वावरायची. त्या बेटांना किनारे आहेत आणि जगभरातली जोडपी तिथं नुसती पडून राहायला जातात, हा तपशील मात्र त्या धावफलकात कधी आला नाही.

म्हणून नवरा एकदा जेवताना म्हणाला, ‘‘आपण बार्बाडोसला जाऊ,’’ तेव्हा मला आधी वाटलं, मॅच आहे. तसं काही नव्हतं. त्याला वाळूवर आडवं व्हायचं होतं. मग दोघांनी कागद-पेन घेतलं. आधी लंडन किंवा अमेरिका गाठायची, तिथून पुढचं विमान, व्हिसाचे सोपस्कार, आणि रजेतले जाता-येता वाया जाणारे दिवस. बेरीज झाल्यावर बार्बाडोस आपोआप बंगालच्या उपसागरात सरकलं. अंदमानातलं हॅवलॉक ठरलं. ३० डिसेंबर २०१८ रोजी या बेटाचं नाव स्वराज द्वीप झालं, पण बोटीचं तिकीट काढताना अजून दोन्ही नावं चालतात.

ठरवणं सोपं होतं, सांगणं अवघड. मध्यमवर्गीय मराठी जोडप्याला बाहेर पडायला निमित्त लागतं. कुलदैवत असतं, पुण्यात भाच्याची मुंज असते, लेकीचं परीक्षा केंद्र नाशिकला येतं. एलटीसी हे तर सरकारनंच छापून दिलेलं निमित्त. दोघंच निघालो आणि कारण काही नाही, असं म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो. लग्नानंतर माथेरानला जाऊन आलात ना, मग आता पुन्हा काय, असं ते थांबणं असतं. मुलं मोठी झालेली, कर्ज फिटत आलेलं, अशा वयात दोन माणसांनी एकमेकांसाठी वेळ काढणं आपल्याकडे जरा चैनीचंच मानतात.

सुदैवानं अंदमानला जायला मराठी माणसाकडे एक भक्कम कारण असतंच. ‘‘सेल्युलर जेल बघणार ना?’’ प्रत्येकानं विचारलं. बघणार होतोच. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या तुरुंगाच्या सात भुजांपैकी आज तीन उभ्या आहेत. सावरकर १९११ ते १९२१ तिथं होते. कोलू पाहिला, कोठडी पाहिली, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम पाहिला. रांगेत पुढं-मागं मराठीच बोललं जात होतं, त्यातलं निम्मं ठाणे जिल्ह्यातलं असावं. ती सहल नव्हे, यात्रा. तिथून बाहेर पडल्यावर ‘विश्रांती’ म्हणायलाही जीभ रेटत नाही. पण दुसऱ्या दिवशी, ज्याला काळं पाणी म्हणत त्याच समुद्रावरून, वातानुकूलित बोटीत बसून आम्ही हॅवलॉकला आराम करायला निघालो. हा विरोधाभास बोचला, आणि बोचला हे बरंच झालं. आपली सुट्टी कुणाच्या कष्टांवरून पुढं जाते, एवढं तरी लक्षात राहतं.

बोटीत दीड-दोन तास गेले. घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर यात आमचे रोज याहून जास्त जातात.

टूर कंपनीच्या माणसानं आधी जो कार्यक्रम पाठवला होता, तो पाहून मला आठ अकराची फास्ट आठवली. पहाटे निघून बाराटांगच्या चुनखडी गुहा, परत येऊन म्युझियम, सकाळच्या बोटीनं हॅवलॉक, दुपारी एलिफंट बीच, संध्याकाळी राधानगर, दुसऱ्या सकाळी नील बेट. प्रत्येक जागेपुढं ‘पॉइंट’ लिहिलेलं. आम्ही एकेक पॉइंट खोडत गेलो. तो माणूस फोनवर काकुळतीला आला. ‘‘मॅडम, एवढ्या लांब जाऊन हे सोडणार? पैसे तेवढेच पडतील.’’ पैसे तेवढेच पडले. खोडलेल्या जागांचा मोबदला आम्हाला वेळात मिळाला.

हॅवलॉकवरचं पहिलं आश्चर्य घड्याळाचं. डोंबिवली रेखावृत्ताच्या ७३ अंशांवर, हे बेट ९३वर. वीस अंश म्हणजे सूर्याच्या हिशेबानं एक तास वीस मिनिटं, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे हिवाळ्यात तिथं पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. राधानगरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. पाठीमागं समुद्र-महुव्याची उंचच उंच झाडं, पुढं लांबलचक पांढरी वाळू. तिथं सूर्यास्ताला बसलो तेव्हा नवरा घड्याळ बघून म्हणाला, ‘‘आत्ता ऑफिसात चहा आला असेल.’’ आम्हा दोघांच्या नोकऱ्यांत मिळून सूर्यास्त हा प्रकार शनिवार-रविवारीच घडत आला आहे. बाकीचे दिवस तो मुंब्र्याच्या बोगद्याच्या आसपास, कुणाच्या तरी खांद्याआड होऊन जातो.

दुसरं वेळापत्रक भरतीचं. आम्ही राहत होतो त्या विजयनगरच्या बाजूला ओहोटीला पाणी पार दूर जातं, होड्या वाळूत कलंडून बसतात, खडक उघडे पडतात. मग पोहणं नाही, वाट बघायची. नवऱ्याचं आजोळ कोकणातलं, त्यामुळे तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा हिशेब त्याला पाठ. त्यानं तो अंदमानला लावून पाहिला. नेमका बसेना. होडीवाल्या बंगाली दादांनी शांतपणे खिशातून छापील तक्ता काढून त्या दिवसाची वेळ दाखवली. या बेटावरची बरीच वस्ती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची आहे. गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर, राधानगर ही गावांची नावं त्यांनीच आणलेली. आम्ही ज्याला निवांतपणा म्हणत होतो, तो त्यांच्या आई-वडिलांनी जंगलाच्या जागी शेत उभं करून मिळवलेला होता.

भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. लोकल पाच मिनिटं उशिरा आली तर कासावीस होणारी दोन माणसं रोज पन्नास मिनिटांचा उशीर मुकाट्यानं मान्य करत होती.

अवघड होतं ते बोलणं. पहिल्या दिवशी आम्ही घरचेच विषय बोललो. सोसायटीची टाकी, मुलाचं पॅकेज, आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. दुसऱ्या दिवशी दुपारी विषय संपले. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. नेटवर्क नाही म्हणून असं झालं, असंही म्हणता येत नव्हतं. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल २०२०च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि ती या बेटापर्यंत आली आहे. फोन हाताशी होते, नुसते उचलावेसे वाटले नाहीत. मग त्यानं एकदम त्याच्या पहिल्या नोकरीतल्या एका साहेबाची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांच्या संसारात मी ती ऐकलीच नव्हती. ‘‘अरे, हे कधी बोलला नाहीस?’’ ‘‘अगं, तू कधी विचारलं नाहीस.’’ दोघंही खरंच बोलत होतो. कल्याण-डोंबिवलीत नवरा-बायकोचं संभाषण म्हणजे बहुधा निरोप असतात. किल्ली कुठं, दूध किती, गाडी कुठली पकडलीस. गोष्टी सांगायला रिकामी दुपार लागते.

याच बेटावर राजन नावाचा एक हत्ती होता. लाकूडतोडीच्या कामासाठी त्याला मुख्य भूमीवरून अंदमानला आणलं. त्यानं आयुष्यभर ओंडके ओढले, आणि त्यासाठी त्याला समुद्रात पोहायलाही शिकवलं. २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लाकूडतोडीवर निर्बंध आणल्यावर त्याचं काम संपलं. त्यानंतर तो राधानगरच्या किनाऱ्यावर राहिला आणि पोहत राहिला, आता ओढायला काही नसताना. त्याचे पाण्याखालचे फोटो जगभर गेले. २०१६मध्ये तो गेला. निवृत्तीपर्यंत थांबलेल्या त्या हत्तीबद्दल ऐकलं आणि नवरा हळूच म्हणाला, ‘‘आपण तेवढं थांबायला नको.’’

बेटच हवं असं काही नाही, हेही तिथंच सुचलं. ठाणं तर साष्टी बेटावरच वसलं आहे. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसरीकडे वसईची. तरी ठाण्यात राहणारी माझी बहीण स्वतःला बेटावरची समजत नाही, कारण पूल भरपूर आहेत आणि प्रत्येक पुलावरून कुणी ना कुणी काम घेऊन येतं. सुट्टीला समुद्र लागतोच असं नाही. पूल काही काळ बंद ठेवावे लागतात. ते आपल्यालाच करायचं असतं, आणि आधीपासून, घरच्यांना सांगून.

परतल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातच गाठलं. दोन वर्षांपूर्वी त्या सगळे पॉइंट करून आलेल्या.

‘‘काय काय पाहिलंत? बाराटांग?’’

‘‘नाही.’’

‘‘नील?’’

‘‘नाही गेलो.’’

‘‘एलिफंट बीच तरी?’’

‘‘नाही.’’

‘‘अगं, मग तिथं इतके दिवस केलंत काय?’’

‘‘काही नाही, काकू. बसलो होतो.’’

काकूंनी पिशवी खाली ठेवली, माझ्या दंडावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘‘तब्येत बिघडली होती का गं त्याची?’’