स्क्रीनशॉट आहे, पण पुरावा कुठाय?

'माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे ना!' आपण किती सहज म्हणतो. कोर्टात तेवढ्यानं भागत नाही.

जालन्याचंच बघा. 2014च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर घेतला, असा आरोप झाला. निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण होतं; पण त्यासोबत लागणारं प्रमाणपत्र अधिकारी मागून मागूनही देईनात. वाद सुप्रीम कोर्टात गेला. 2020 मध्ये कोर्टानं सांगितलं, मूळ उपकरण हजर करत नसाल तर प्रमाणपत्र हवंच. याचिकाकर्त्यांनी सगळे प्रयत्न केले होते, म्हणून त्यांना सूट मिळाली. दरवेळी कोण देणार?

1 जुलै 2024पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. त्याच्या कलम 63 नुसार या प्रमाणपत्राचा एक भाग तज्ज्ञानं भरायचा आणि फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एक स्वल्पविराम बदलला, की ठसा बदलला!

गोची इथंच आहे. कॉम्प्युटरवाल्याला कलम माहीत नसतं, वकिलाला हॅश. मधल्या मधे खरी बाजू असलेला माणूस हरतो. म्हणून काही वकील डिजिटल पुराव्याच्या सल्लागारीकडे वळतायत. काम रटाळ आहे बरं का, हजारो ईमेल चाळायचे! पण लॉ कॉलेजांनी हे प्रात्यक्षिकासह शिकवायलाच हवं.

तोवर तुम्ही सुरुवात करा. लॅपटॉपवर एका फोटोची हॅश काढा. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून मित्राला पाठवा, त्याच्याकडे उतरलेल्या फोटोची काढा. जुळते का बघा.