मंगोलियावर ३-० आणि आपल्या गावातले आठ गुंठे

सप्टेंबर २०२५ मध्ये कुवेतमध्ये भारताच्या पुरुष फुटसाल संघाने मंगोलियाला ३-० ने हरवलं. फुटसाल म्हणजे हॉलमध्ये, कडक फरशीवर, प्रत्येकी पाच खेळाडूंनी खेळायचा फुटबॉल. भारताच्या संघाचा या खेळातला हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. त्या दिवशी आशिया कपात क्रिकेटचा माहोल होता, त्यामुळे ही बातमी कुणाच्या स्टेटसवर दिसली नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मोबाईलवर ती मला दाखवली आणि विचारलं, "सर, अपना भी टीम है क्या इसमें?"

टीम आहे, पण अगदी नवी. भारत या स्पर्धेत पहिल्यांदा उतरला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये, ताजिकिस्तानातल्या दुशान्बे शहरात. आशियाई करंडकाची ती पात्रता फेरी होती आणि तिथून पुढे जाता आलं नाही. या वेळी कुवेतमध्येही गटात यजमान कुवेत आणि ऑस्ट्रेलिया आपल्या वर राहिले, त्यामुळे मुख्य स्पर्धेचं तिकीट हुकलंच. २७ जानेवारी २०२६ पासून इंडोनेशियात आशियाई फुटसाल करंडक सुरू झाला. १६ संघ खेळले, त्यात आपण नव्हतो.

एक विजय, तोही मंगोलियावर. यावर एवढं लिहायचं कशाला, असं कुणी म्हणेल. पण मला ही बातमी वरवट बकालमध्ये बसून महत्त्वाची वाटते. त्याचं कारण आपल्या मातीत आहे.

आपला संग्रामपूर तालुका काळ्या मातीचा. कपाशीला, सोयाबीनला ही माती चांगली, फुटबॉलला नाही. जूनमध्ये मृग बरसला की मैदानाचा चिखल होतो, चप्पल रुतून बसते. तो चिखल दिवाळीपर्यंत नीट वाळत नाही. मग दोन-तीन महिने बरे जातात, आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याच मैदानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात सुरू होतात. दोन वर्षांपूर्वी आमची मुलं एका सामन्याला गेली होती. गावाचं नाव सांगत नाही. मैदानावर घोट्यापर्यंत पाणी. आमचा सगळ्यात चपळ मुलगा पाय मुरगळून बसला, महिनाभर लंगडत शाळेत यायचा. त्याच्या अब्बांनी मला सरळ सांगितलं, "सर, खेलके क्या मिलनेवाला है, पढ़ाई का बोलो." त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मुलाने खेळ सोडला. दहावीत त्याचे टक्के काही त्यामुळे वाढले नाहीत, हेही सांगून टाकतो.

आता जरा हिशेब करू. आंतरराष्ट्रीय फुटबॉलचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. म्हणजे सत्तर गुंठ्यांच्या वर, पावणेदोन एकर. एवढी सपाट मोकळी जागा गावात कोण देणार? फुटसालचं मैदान ४० बाय २० मीटर, म्हणजे आठ गुंठे. आणि आंतरराष्ट्रीय सामना नसेल तर नियम २५ बाय १६ मीटरपर्यंत खाली येऊ देतो, म्हणजे फक्त चार गुंठे. जमीन सिमेंटची, फरशीची किंवा लाकडी, सपाट असली की झालं. गोल ३ मीटर रुंद, २ मीटर उंच. चेंडू नेहमीपेक्षा लहान, ४ नंबरचा, आणि मुद्दाम कमी उसळणारा. दोन मीटरवरून सोडला तर गुडघ्याच्याही वर फारसा येत नाही. त्यामुळे उंच लाथाडून काही उपयोग नाही, पायाखाली ठेवूनच खेळावं लागतं. ऑफसाइड नाही. चेंडू बाहेर गेला तर हाताने फेकायचा नाही, रेषेवर ठेवून पायाने आत द्यायचा, तोही चार सेकंदांत. प्रत्येक डावात एका संघाच्या पाच चुका मोजल्या जातात, सहाव्या चुकीपासून समोरच्याला भिंतीशिवाय थेट मारायची संधी मिळते. त्यामुळे धसमुसळेपणा आपोआप कमी होतो.

हा खेळ काढला तोही एका शिक्षकानेच. १९३० साली उरुग्वेच्या राजधानीत, मोंतेविदेओमध्ये, हुआन कार्लोस सेरियानी नावाचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. त्याच वर्षी उरुग्वेने पहिला फुटबॉल विश्वचषक जिंकला होता आणि शहरातल्या पोरांना फुटबॉलशिवाय काही सुचत नव्हतं. पण मैदानं कमी आणि पाऊस. सेरियानींनी बास्केटबॉलच्या कोर्टवर पाच-पाच मुलं उभी केली आणि बास्केटबॉल, हँडबॉल, वॉटरपोलो यांतून नियम उचलून नवा खेळ बसवला. अडचण आपलीच होती, जागा नाही आणि चिखल. फरक एवढाच की त्यांनी शासनाच्या पत्राची वाट पाहिली नाही.

फिफाचा फुटसाल विश्वचषक १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाला. दहावा विश्वचषक २०२४ मध्ये उझबेकिस्तानात झाला. ताश्कंद, बुखारा आणि अंदिजान ही यजमान शहरं. (बुखारा हे नाव आपल्या घरांत इमाम बुखारींमुळे माहीत असतं, आणि अंदिजान म्हणजे बाबराचं जन्मगाव. इतिहासाच्या तासाला मी हे आवर्जून सांगितलं.) अंतिम सामन्यात ब्राझीलने अर्जेंटिनाला २-१ ने हरवून सहाव्यांदा चषक नेला.

त्या वेळी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर वेगळीच चर्चा होती. बाद फेरीत मोरोक्कोने इराणला ४-३ ने हरवलं, अफगाणिस्तान पहिल्याच विश्वचषकात बाद फेरीपर्यंत पोचला, ताजिकिस्तानही पहिल्यांदा आला होता. "माशाअल्लाह, मुस्लिम मुल्कों का जलवा" असे मेसेज फिरले. आनंद व्हायला हरकत नाही. पण असा मेसेज पुढे ढकलून आपण थांबतो, याची मला चीड येते. हे देश मुस्लिम आहेत म्हणून जिंकले नाहीत. तसं असतं तर आखाती देश सगळ्यात पुढे असते. पैसा आहे, थंडगार हॉल आहेत, कुवेतने तर २०२२ ची आशियाई स्पर्धाही भरवली. तरी १९९९ पासून २०२४ पर्यंत झालेल्या १७ आशियाई स्पर्धांपैकी १३ इराणने जिंकल्या आणि ४ जपानने. तिसऱ्या कुणाचं नावच नाही.

इराणचं गुपित गल्लीत आहे. तिथे 'गोल कुचीक' नावाचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालतो. कुचीक म्हणजे छोटा, आपल्या उर्दूतला 'कूचा' त्याच घराण्यातला वाटतो, पण तो गल्लीला म्हणतात. (शब्दांचा हा घोळ मुलांना फार आवडतो.) डांबरी रस्ता, दोन लहान गोल, आणि प्लास्टिकचा स्वस्त चेंडू, तोही एकात एक असे दोन घालून जड केलेला, म्हणजे फार उसळू नये. फुटसालचा चेंडू कमी उसळतो तो याच कारणाने. म्हणजे इराणचा मुलगा आठव्या-नवव्या वर्षीच नकळत फुटसाल शिकलेला असतो. त्याला वर शाळेची, क्लबची, लीगची शिडी मिळते. वाहिद शमसाई त्याच देशातले, आंतरराष्ट्रीय फुटसालमध्ये ३९२ गोल केलेले, आणि पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झालेले. आज भारताच्या संघाला शिकवणारे रेझा कोर्दीही इराणी आहेत.

मोरोक्कोची गोष्ट वेगळी. तिथे २०१० च्या सुमारास हिशाम दगीग यांच्याकडे संघ दिला आणि पुढे पंधरा वर्षं त्यांनाच ठेवलं. पहिली काही वर्षं हाती फार लागलं नाही, तरी हलवलं नाही. मग २०१६, २०२० आणि २०२४ असे सलग तीन आफ्रिकी करंडक आले, आणि विश्वचषकात दोनदा उपांत्यपूर्व फेरी. दोन्ही वेळा ब्राझीलनेच अडवलं. आपल्याकडे एखाद्या शाळेत क्रीडाशिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि पोषण आहाराची नोंद यांतून पंधरा दिवस सलग मिळत नाहीत, पंधरा वर्षं तर सोडाच.

भारतात काय झालं? बहुतेकांनी 'फुटसाल' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो २०१६ मध्ये. तेव्हा एक व्यावसायिक लीग चेन्नई आणि गोव्यात झाली. रोनाल्डिन्यो गोव्याकडून खेळला, फाल्काव चेन्नईकडून, रायन गिग्ज मुंबईकडून. टीव्हीवर दिवे, नाच, सगळं होतं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता नव्हती. दोन हंगामांत ती लीग संपली आणि मागे एकही कोर्ट उरलं नाही. महासंघाने स्वतःची क्लब स्पर्धा सुरू केली ती २०२१ मध्ये, दिल्लीत. पहिल्याच अंतिम सामन्यात दिल्ली एफसीने कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगला हरवलं. आपल्या आजोबांच्या पिढीला मोहम्मेडन स्पोर्टिंग हे नाव तोंडपाठ होतं. १९३४ ते १९३८ सलग पाच वर्षं कलकत्ता लीग जिंकलेला हा क्लब. त्याने फुटसालचा संघ उभा केला याचं कौतुक वाटतं. पण वर्षातून एकदा काही दिवस स्पर्धा, आणि त्यातून निवडलेला राष्ट्रीय संघ. इराणचा खेळाडू दर आठवड्याला खेळतो. मंगोलियापुढे आपण जिंकतो आणि कुवेतपुढे नाही, याचं उत्तर इथेच आहे.

महाराष्ट्रात पायाला चेंडूची ओळख नाही असंही नाही. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे सामने शाहू स्टेडियमवर असले की अर्ध्या शहराची कामं थांबतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. आपल्या विदर्भात कामठीला रब्बानी क्लब आहे, आणि तिथल्या मोहल्ल्यांत फुटबॉल घराघरात आहे. दोन्हीकडे सरकारच्या आधी तालीम, मोहल्ला, क्लब आले. बुलढाणा जिल्ह्यात ती परंपरा नाही, हे मान्य करावं लागतं.

शहरांत आता टर्फ झाले आहेत, बॉक्स क्रिकेटचे. काही पालक म्हणतात, तिथेच फुटसाल होतं ना? नाही होत. टर्फवर प्लास्टिकचं गवत असतं, चेंडू उसळतो आणि अडतो. शिवाय तासाचे पैसे मोजावे लागतात. ज्या मुलाच्या घरी कापूस विकल्याशिवाय वही येत नाही, त्याच्यासाठी ती जागा नाही.

पालकांचा खरा प्रश्न वेळेचा आहे, आणि तो बरोबर आहे. सकाळी मक्तब, मग शाळा, मग ट्यूशन. उरतो तो असर ते मगरिबचा वेळ. हिवाळ्यात तो दीड तासाच्या आसपास असतो. अकरा-अकरा मुलं जमवा, मैदानावर जा, परत या, यात तो संपतो. फुटसालचा अधिकृत सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा. मुलांसाठी पंधरा-पंधरा केला तर दहा मुलं खेळून, हातपाय धुऊन मगरिबला जमातीत उभी राहू शकतात. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, म्हणजे कच्चा मुलगाही कडेला बसून राहत नाही. त्या अब्बांना मी आज हे उत्तर देईन. आणि हेही सांगेन की शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण कोणती स्पर्धा त्यासाठी ग्राह्य धरतात हे आधी क्रीडाशिक्षकाकडून नीट विचारून घ्यावं, नुसत्या प्रमाणपत्राच्या कागदावर भरवसा ठेवू नये.

मुलींचं काय, असं आमच्या शाळेतल्या मुलीच विचारतात. फिफाने २०१४ मध्ये डोकं झाकून खेळायला परवानगी दिली. त्यानंतर २०१५ आणि २०१८ चे पहिले दोन्ही महिला आशियाई फुटसाल करंडक इराणच्या मुलींनी हिजाबमध्ये जिंकले. नोव्हेंबर २०२५ मध्ये महिलांचा पहिला फुटसाल विश्वचषक फिलिपिन्समध्ये झाला, इराण त्यात खेळला. चार भिंतींच्या आतलं कोर्ट असेल तर आपल्याकडच्या बऱ्याच अम्मींची हरकत तिथेच संपते, हा माझा अनुभव आहे.

तालुका क्रीडा संकुलाची शासनाची योजना आहे, आमदार निधी आहे. पण मागणी लेखी गेल्याशिवाय काही हलत नाही, आणि आपल्या मोहल्ल्यातून ग्रामसभेत जाणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गेलो तरी नाली आणि नळाचं बोलतो. ते बोलायलाच हवं. त्याच अर्जात आठ गुंठ्यांची एक ओळ बसते. २६ जानेवारीला ग्रामसभा असतेच.

तोवर आम्ही मुलांना घेऊन शाळेचं सिमेंटचं अंगण मोजलं. फीत कमी पडली म्हणून सुतळीला गाठी मारल्या. २७ मीटर लांब, १७ रुंद. म्हणजे नियमात बसतं. मधोमध हातपंपाचा जुना ओटा आहे, तो काढायला मुख्याध्यापकांना अर्ज दिलाय.