स्वातंत्र्य आले, संमती राहिली

रायपूर रेल्वे स्थानकाजवळची गुढियारी धान्याच्या घाऊक बाजारासाठी ओळखली जाते. या शहराच्या स्मृतीतही एक धान्यकोठार आहे. १८५६च्या दुष्काळात सोनाखानचे आदिवासी जमीनदार नारायण सिंह यांनी व्यापाऱ्याचे कोठार उघडून भुकेल्यांना धान्य वाटले. पुढल्या वर्षी १० डिसेंबरला इंग्रजांनी त्यांना रायपुरात मृत्युदंड दिला. आज येथील क्रिकेट मैदानाला त्यांचे नाव आहे. दिवंगत आदिवासी वीरांचा गौरव करण्यात कोणतेही सरकार कसूर करीत नाही. हयात असलेल्यांची संमती घेण्याचा प्रसंग आला की मात्र टाळाटाळ सुरू होते.

बस्तरमध्ये १९०५ साली इंग्रजांनी दोन तृतीयांश जंगल राखीव करण्याचा घाट घातला. फिरती शेती, शिकार, वनोपज यांवर गदा येणार होती. १९१० मध्ये भूमकाल उसळला. आंब्याच्या फांद्या, मातीचे ढेकूळ, मिरच्या आणि बाण यांच्या रूपाने गावोगाव निरोप फिरला. उठाव चिरडण्यास सुमारे तीन महिने लागले. गुंडा धूर अखेरपर्यंत हाती लागला नाही. पुढे परक्या सत्तेनेच राखीव करावयाचे क्षेत्र जवळजवळ निम्म्यावर आणले.

१९४८ मध्ये बस्तर संस्थान भारतात विलीन झाले. करार राजा आणि दिल्ली यांच्यात झाला. गावांना कोणी विचारले नाही. १९२७चा वन कायदाही कायम राहिला. १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मान दिला खरा, पण भूसंपादनापूर्वी तिच्याशी केवळ ‘सल्लामसलत’ करावयाची आहे. एवढ्या कायद्याचे नियम करण्यासही छत्तीसगडला २०२२ साल उजाडले.

माओवाद्यांनी या असंतोषाचा वापर केला आणि खबरे ठरवून त्याच आदिवासींचे बळी घेतले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु सलवा जुडूमच्या काळात आदिवासी तरुणांना आदिवासींविरुद्धच शस्त्रे दिली गेली. ती प्रथा घटनाबाह्य ठरवण्यास २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुढे यावे लागले. पुढच्याच वर्षी सारकेगुडा येथे सुरक्षा दलांच्या गोळीबारात १७ जण ठार झाले. ते माओवादी असल्याचा समाधानकारक पुरावा नाही, असे न्यायिक आयोगाच्या अहवालातून समोर आले, तेव्हा २०१९ संपत आले होते.

बंदुकीमुळेच आदिवासींचे अधिकार अडले, असे मानणाऱ्यांनी उत्तरेकडील हसदेव अरण्याकडे पाहावे. तेथे लढा ग्रामसभेच्या ठरावांनी आणि अर्जविनंत्यांनी चालला. ग्रामसभांची संमती बनावट असल्याची तक्रार घेऊन ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथील आदिवासी सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपुरात आले. राज्यपालांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. तेव्हा राज्यात काँग्रेसचे आणि केंद्रात भाजपचे सरकार होते. एरवी त्यांचे कशावरही एकमत होत नसे. २१ ऑक्टोबरला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परसा कोळसा खाणीला वनजमिनीसाठीची अंतिम मंजुरी दिली.