पहिलं पाऊल कुणी पाहिलं?
माझी लेक ११ महिन्यांची असताना पाळणाघरातल्या काकूंनी एका संध्याकाळी तिला माझ्या कडेवर देताना म्हटलं, "आज घरी जरा मोकळी सोडा हो तिला." एवढंच. घरी तिने दिवाणाची कड सोडली, दोन पावलं टाकली आणि माझ्या गुडघ्यांना मिठी मारली. तेच तिचं पहिलं चालणं, असं मी कित्येक वर्षं धरून चालले. खरं तर त्याच दुपारी ती सतरंजीवरून थेट खिडकीपर्यंत गेली होती, हे काकूंनी फार उशिरा सांगितलं. मायेपोटीच लपवलं त्यांनी. तरी मला वाटतं, तेव्हाच सांगायला हवं होतं. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते. मूल चालतं ते वर्षाच्या आसपास. म्हणजे नोकरी करणाऱ्या आईच्या लेकराचं रांगणं, उभं राहणं बऱ्याचदा दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांदेखतच होणार. शिवाय डॉक्टर विचारतात, कधी बसली, कधी चालली, तेव्हा खरं उत्तर लागतं. ज्या आईवडिलांना ऐकायचं नसेल त्यांनी नाव घालतानाच तसं सांगून ठेवावं. मला मात्र ती दुपार हवी होती: अंगात कुठला फ्रॉक होता, पडल्यावर रडली का, कुणाकडे बघत चालली. मी विचारलं तोवर काकूंनाही त्यातलं फारसं आठवत नव्हतं.