आजीला बदल म्हणे!

मंडळी, आमच्या होटगीच्या गोतावळ्यात एक टूम निघाली आहे. पोरं लहान असली की गोव्याच्या रिसॉर्टवर आजीलाही न्यायचं. "तेवढाच तिला बदल!" बदल कसला डोंबलाचा? संध्याकाळी जोडपं समुद्रावर जेवायला, आणि आजी एसी खोलीत झोपलेल्या नातवंडांची राखण करत बसलेली.

होटगीतही ती पोरं सांभाळतेच की, म्हणाल. पण इथे दार उघडं असतं, शेजारणी ओट्यावर असतात, पोर रडलं तर चौघी धावतात. तिथे ती, बंद दार आणि टीव्हीचा रिमोट.

मग काय पोरांना एकटं टाकायचं? मुळीच नाही. ३ मे २००७ च्या रात्री पोर्तुगालमधल्या प्राया दा लूझच्या रिसॉर्टमधून चार वर्षांचीही नसलेली ब्रिटिश मुलगी नाहीशी झाली. आईवडील जवळच जेवत होते, अधूनमधून येऊन बघतही होते.

पैसे मोजून बाई ठेवा, पण विचारून. ती हॉटेलच्या पगारावर आहे की बाहेरची? एका वेळी किती पोरं बघते? पोर कोणाच्या ताब्यात देणार? आणि ओळख व्हायला तिला दुपारीच बोलवा, झोपेतून उठल्यावर पोराला परका चेहरा दिसू नये. नाही पटत? नवराबायकोनं पाळी लावा, नाहीतर सगळ्यांनी मिळून सातलाच जेवा.

आजीला जरूर न्या. पण संध्याकाळी तिला वाळूत बसू द्या, खोलीत तुम्ही थांबा. ते जमत नसेल तर सरळ म्हणा, फुकटची आया नेतोय.

नातेवाईक रागावतील. रागावू देत!